फोन उचल ना, केट!

तुमच्या घरात भांडणं कशावरून होतात? प्रॉपर्टी, लग्न, टीव्हीचा रिमोट... आमच्याकडे गेल्या दिवाळीत ऐन फराळाच्या ताटावर जे कडाक्याचं वाजलं, ते एका बाईवरून. बाई अमेरिकन, पेशानं वकील, मुक्काम न्यूयॉर्क. आणि मुख्य म्हणजे, खोटी! केट वॉकर तिचं नाव. 'सायबेरिया' नावाच्या कॉम्प्युटर गेमची हिरोइन. गेम आला २००२ मध्ये, म्हणजे भांडण तसं शिळंच. पण चिवडा खाता खाता दादा म्हणाला, "ती केट ना, एक नंबरची बेजबाबदार बाई," आणि माझ्या हातातली चकली तशीच राहिली.

तर मंडळी, आधी थोडं बॅकग्राउंड.

साल २००७. मी चौथीत, दादा इंजिनिअरिंगला. सिडकोतल्या आमच्या घरात नुकताच सेकंडहँड कॉम्प्युटर आला होता. आईनं मॉनिटरला क्रोशाचं कव्हर विणलं होतं आणि कॉम्प्युटर लावायच्या आधी ते घडी करून ठेवायचं, हा घरातला नियम होता. गेमच्या सीड्या पैठण गेटजवळ मिळायच्या. ओरिजिनल? छे हो! दादानं त्या दिवशी कार रेसिंगचा गेम आणला होता. कव्हरवर चकचकीत गाडी, आत सीडी भलत्याच गेमची. सुरू केला तर काय, पाऊस पडतोय, एक ओसाड गाव, आणि रस्त्यावरून अंत्ययात्रा चालली आहे. अंत्ययात्रेतली माणसं माणसं नव्हतीच. चावीची बाहुली! ढोल वाजवणारीही चावीची.

"फसवलं राव त्यानं," दादा म्हणाला. मी मात्र त्याच्या खुर्चीच्या हाताला लटकून तोंड उघडं टाकून बघत होते.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही (म्हणजे बहुतेक सगळेच, माहितीये मला) त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. केट वॉकरला तिच्या वकिली फर्मनं फ्रेंच आल्प्समधल्या व्हालादिलेन नावाच्या गावात पाठवलंय. काम साधं. तिथला व्होरालबर्ग घराण्याचा यांत्रिक बाहुल्यांचा जुना कारखाना एका बड्या खेळणी कंपनीला विकायचा, कागदावर सही घ्यायची, परत यायचं. पण कारखान्याची म्हातारी मालकीण अॅना नुकतीच गेलीये. ती अंत्ययात्रा तिचीच. आणि जाता जाता तिनं कळवून ठेवलंय की जगाच्या लेखी कधीच मेलेला तिचा भाऊ हान्स जिवंत आहे. म्हणजे सही हवी त्याची. आणि तो पूर्वेकडे कुठेतरी, मॅमथ हत्तींच्या शोधात! मग काय, केट चावीच्या ट्रेनमध्ये बसते आणि निघते. ट्रेनचा ड्रायव्हरही यंत्रच. ऑस्कर त्याचं नाव, आणि स्वभाव असा की तिकीट नाही तर प्रवेश नाही, परवानगीच्या कागदावर शिक्का नाही तर गाडी हलणार नाही. वर त्याला रोबो म्हटलेलं खपत नाही. तो 'ऑटोमॅटन' आहे म्हणे!

खेळायचं कसं? माऊसनं. स्क्रीनवर कर्सर फिरवायचा, कुठे त्याचा आकार बदलला की क्लिक करायचं. वस्तू उचलायची, दुसरीकडे वापरायची, लोकांशी बोलायचं. बंदूक नाही, गाडी नाही, टायमर नाही. केट मरत नाही. तुम्ही हरू शकत नाही.

आणि इथेच गोची आहे. "हरता येत नाही तो कसला गेम?" हा दादाचा तेव्हाचा डायलॉग आणि तो आजही त्यावर ठाम आहे.

तसं त्याला गेममधली यंत्रं आवडली होती, हे कबूल केलं पाहिजे. सुरुवातीला कारखाना चालू करायला केटला पाणचक्की सुरू करावी लागते. ते बघून दादा एकदम उठला आणि मला म्हणाला, "हे तर आपल्या पाणचक्कीसारखंच आहे." पुढच्या रविवारी तो मला सायकलवर डबलसीट बसवून पाणचक्कीला घेऊन गेला. लांबच्या टेकड्यांतल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर कसं आणलं, ते उंचावर चढवून खाली कसं सोडलं, त्याच्या जोरावर जातं कसं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ कसं दळलं जायचं, सगळं हातवारे करून सांगितलं. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. पण शहरातली ही एकच जागा मी कधी एकटी गेले तरी दादाच्या आवाजातच बघते.

असो. तर दादाला यंत्रं आवडली, पण चालणं आवडलं नाही. 'सायबेरिया'त केट चालते. फार चालते. एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि मधल्या कित्येक स्क्रीनवर करण्यासारखं काहीच नसतं. नुसती ओली फरशी, एक दिवा, लांबवर बोगनवेलीसारखं काहीतरी. त्यात आमच्याकडे लोडशेडिंग! टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. सेव्ह करायला विसरलं की लाइट आल्यावर पुन्हा तेच सगळं चालायचं. ट्रेन बारॉकश्टाट या युनिव्हर्सिटीच्या गावात पोचली, तिथल्या प्रचंड स्टेशनात पक्षी उडत होते, आणि तिथे दादाचा पेशन्स संपला. सीडी निघाली, 'व्हाइस सिटी' आत गेलं. तोही २००२ चाच गेम, बरं का! एकाच वर्षात एका गेमनं सांगितलं की दिसेल ती गाडी पळव, आणि दुसऱ्यानं सांगितलं की जरा थांब, बाहुलीवाल्या म्हातारीची डायरी वाच. आमच्या गल्लीत कोण जिंकलं असेल हे सांगायला नको.

आता दादाची बाजू घ्यायची तर ती घेणारे जगभर आहेत. गेम आला तेव्हापासून त्याच्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, असलं सुंदर काही कॉम्प्युटरवर पूर्वी दिसलंच नव्हतं. दिसणारच! बेन्वा सोकाल हा बेल्जियन माणूस मुळात कॉमिक्सचा चित्रकार. 'कानार्दो' नावाच्या बदक डिटेक्टिव्हची त्याची मालिका युरोपात गाजलेली. १९९९ मध्ये त्यानं 'आमेरझोन' हा पहिला गेम केला आणि मग 'सायबेरिया'. त्यामुळे प्रत्येक स्क्रीन म्हणजे कॉमिक्सचं एखादं मोठं पान वाटतं. दुसरा तट म्हणतो, चित्रं छान आहेत हो, पण कोडी सोपी, रस्ता एकच, निम्मा वेळ पळण्यात जातो, आणि गोष्ट ऐन मोक्याला संपते. पुढची बघायला २००४ चा दुसरा भाग घ्या.

आणि खरं सांगू? दुसऱ्या तटाचं सगळं म्हणणं खरं आहे. मी फॅन असून सांगते. कोडी सोपीच आहेत. पण त्या काळात या प्रकारच्या गेममधली अवघड कोडी कशी असायची हे ऐकलंत तर सोप्याचं कौतुक वाटेल. १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३' मध्ये हिरोला मोटरसायकल भाड्यानं हवी असते, म्हणून तो मित्राचा पासपोर्ट वापरायला बघतो. मित्रासारखं दिसायला मांजराचे केस चिकटवून मिशी करतो. गंमत म्हणजे त्या मित्राला मिशीच नाही! म्हणून मग पासपोर्टवरच्या फोटोला मिशी काढायची. बोला! हे असलं काही सुचायला माणूस नुसता हुशार असून भागत नाही, जरा सटकलेलाच लागतो. सोकालनं हा सगळा आचरटपणा टाळला. त्याच्या कोड्यांना यंत्राचं लॉजिक असतं. चावी दिली की फिरतं.

बरं, मी तो गेम पूर्ण कधी केला? तेरा वर्षांनी.

मधल्या काळात बरंच काही झालं. मी मासकॉमची डिग्री घेतली आणि २०१८ मध्ये पुण्याला एका न्यूजरूममध्ये चिकटले. बाबांची किडनी २०१६ पासूनच गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दादाला त्याच वर्षी चेन्नईहून ऑफर आली होती, मोठ्या ऑटो कंपनीची. त्यानं ती नाकारली आणि वाळूजमध्येच राहिला. "इथं काय वाईट आहे?" एवढंच म्हणाला. पुढे कोणी विषय काढला नाही. मीही नाही. सोयीचं होतं ना मला!

बाबा २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. त्या रात्री माझी नाइट शिफ्ट होती आणि फोन सायलेंटवर, ड्रॉवरमध्ये. पान सोडून झाल्यावर बघितला तर अकरा मिस्ड कॉल. सगळे दादाचे. पहिला साडेनऊचा होता. तेव्हाच निघाले असते तर... पुण्याहून पाच-सहा तास लागतात. मी पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं.

दादा मला काहीही बोलला नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, नंतरही नाही.

मग आलं २०२० आणि लॉकडाऊन. कर्वेनगरातल्या खोलीत मी एकटी. पार्टनर गावी गेलेली. काम घरून, पगार कापलेला. एका रात्री कशी कोण जाणे, पावसातली ती अंत्ययात्रा आठवली. या वेळी गेम रीतसर विकत घेतला (पापक्षालन!) आणि लॅपटॉपवर लावला.

लहानपणी माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आता सारखी टोचायला लागली. केटचा मोबाइल. सगळ्या प्रवासात तो वाजत राहतो. बॉस करवादतोय, सही कधी आणतेस? होणारा नवरा डॅन वैतागलाय, क्लायंटबरोबरच्या डिनरला तू हवीस. मैत्रीण ऑलिव्हिया शॉपिंगच्या गप्पा मारतेय. आई तिचंच काहीबाही सांगतेय. सुरुवातीला केट सगळ्यांना सॉरी म्हणते. मग हळूहळू तिचा आवाज बदलतो. बंद पडलेल्या सोव्हिएत कारखान्यांचं कोम्कोल्झग्राड येतं, समुद्र आटलेलं आरालबाड येतं, आणि ज्यांचे फोन येतात ती माणसं तिला परकी वाटायला लागतात. त्यात डॅन आणि ऑलिव्हियाचं आपापसात काय झालं तेही तिला फोनवरच कळतं.

स्पॉयलर अलर्ट! शेवटी हान्स भेटतो. सही मिळते. न्यूयॉर्कला न्यायला विमान तयार आहे. केट विमानाकडे चालू लागते... आणि वळते. पळत सुटते. ट्रेनकडे. हान्सबरोबर मॅमथ शोधायला.

मी ढसाढसा रडले. आणि २०२१ मध्ये राजीनामा देऊन फ्रीलान्स सुरू केलं. फक्त गेममुळे नाही हो, तेवढी येडी मी नाहीये. पण थोडा वाटा गेमचाही, आणि हे मी एकदा दादाला हौसेनं सांगून बसले होते. ती चूक मला गेल्या दिवाळीत भोवली.

"बेजबाबदार कशी?" मी विचारलं. "तिला पहिल्यांदाच कळलं तिला काय करायचंय ते."

"कळलं ना, मग सांगून जायचं. सही खिशात घेऊन पळून काय जायलीस?"

"कोणाला सांगायचं? त्या डॅनला?"

"डॅन गेला उडत. तिच्या आईचं काय? म्हातारी फोनवर फोन करायली. पुढे काय होतं माहितीये ना तुला?"

माहीत होतं. पण दादाला कसं माहीत? माझ्यासाठी तो गेम म्हणजे दादानं अर्ध्यात सोडलेली सीडी होती. तर या पठ्ठ्यानं गुपचूप यूट्यूबवर सगळे भाग बघून काढले होते. २०१७ चा तिसरा भागही, ज्यात पॉइंट-अँड-क्लिकचा साधेपणा घालवून कंट्रोल्सची वाट लावली म्हणून पहिल्या भागांवर जीव टाकणारे लोकही चिडले होते. आणि २०२२ चा 'द वर्ल्ड बिफोर'ही, जो यायच्या आधीच, २०२१ मध्ये, सोकाल वारला. त्या चौथ्या भागात केट मिठाच्या खाणीत कैदी असते, आणि तिथे तिला कळतं की न्यूयॉर्कमध्ये तिची आई गेली.

"तिला तर पत्रातून कळलं," दादा म्हणाला. "तुला निदान फोन केले होते."

कोणी काही बोललं नाही. वहिनी उठून चहा ठेवायला गेली. मी ताटाकडे बघत बसले. पाच वर्षं जे ऐकायची भीती होती ते एका गेमच्या निमित्तानं, चिवड्याच्या वासात, ऐकून झालं होतं. गंमत म्हणजे हलकं वाटलं. लगेच नाही. आधी सॉलिड राग आला. मी म्हणाले, "आणि तू चेन्नईला गेला नाहीस ते मला ऐकवायचंय का?" तो म्हणाला, "ऐकवलंय का कधी?" मी म्हणाले, "तेच तर! कधीच ऐकवलं नाहीस." मग दोघंही गप्प.

आई इतका वेळ कोपऱ्यात वाती वळत होती. तिनं शांतपणे विचारलं, "मला दाखवा बरं ती पोरगी कोण आहे."

आणि इथून या कहाणीत तिसरं मत आलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. 'सायबेरिया' मोबाइल-टॅबवरही मिळतो. दादानं त्याच रात्री तिच्या टॅबवर टाकून दिला. इंग्लिश ती सबटायटल वाचून लावते, अडलं तर सात वर्षांच्या नातवाला विचारते. रोज दुपारी एक तास, चहाच्या आधी.

तुम्हाला वाटेल तिला कंटाळा येईल. आम्हालाही वाटलं होतं. पण जे दादाला बोअर झालं, तेच तिला आवडतं. ते चालणं! रिकाम्या स्क्रीनवर ती केटला उभी करते आणि बघत बसते. "किती निवांत आहे गं. कोणी मागे लागत नाही." चाळीस वर्षं घंटेवर धावलेल्या बाईचं हे वाक्य ऐकून मला त्या स्क्रीन पहिल्यांदाच रिकाम्या वाटल्या नाहीत. ऑस्कर तर तिचा फेव्हरिट. "आपल्या फुलंब्रीच्या एसटीत एक कंडक्टर होता, अगदी असाच. सुट्टे नाही तर उतरा!" शिक्क्यासाठी केटला फिरावं लागलं तेव्हा तिनं ट्रेझरीतल्या पेन्शनच्या फेऱ्यांची यादीच काढली. तिच्या मते हा गेम मुळीच काल्पनिक नाहीये.

केटच्या फोनबद्दल मात्र ती आमच्या दोघांपैकी कुणाच्याच बाजूनं नाही. दादाला वाटलं होतं ती त्याचं म्हणेल. मी आतून धास्तावले होते. ती म्हणाली, "ही आई पण बघा की. पोरगी एवढ्या लांब, एकटी, आणि ही आपल्या मित्राचं कौतुक सांगत बसली. 'जेवलीस का' एकदा तरी विचारलं का तिनं?" मग थोडं थांबून माझ्याकडे न बघता, "पण उचलायचा फोन. दोन मिनिटं लागतात."

दादा आणि मी त्यानंतर फार काही बदललो असं नाही. तो अजूनही म्हणतो की हा गेम नाही, हा क्लिक करायला लावणारा सिनेमा आहे. मी म्हणते, तू तो पूर्ण खेळलाच नाहीस, यूट्यूबवर बघितलेलं धरत नाहीत. त्याला हान्सची यंत्रं पटतात, केट पटत नाही. मला केट अजून पटते, पण पूर्वीइतकी नाही. ट्रेनकडे पळणारी केट आता बघितली की तिच्या खिशातल्या फोनकडे लक्ष जातं.

मी सध्या महिन्यातले दहा-बारा दिवस घरी असते. त्यातला एखादा रविवार दादाचा मुलगा आम्हाला पाणचक्कीला घेऊन जातो. म्हणजे हट्ट त्याचा, हातवारे दादाचे. फोन मी सायलेंटवर टाकत नाही आता. मीटिंग असली तरी.

परवा पुण्यात एका इंटरव्ह्यूच्या मधेच वाजला. आईचा. समोरच्यांना सॉरी म्हणून उचलला. आवाज एकदम सीरियस. "अगं, ऐक. ती गाणारी बाई भेटली, हेलेना. पण तिला आधी काहीतरी प्यायला द्यायचंय, तेव्हा गळा उघडतो म्हणे. ते कुठं मिळतं?"

"बारमध्ये, आई."

"बारमध्ये?" पलीकडे शांतता. मग जरा लांबून, दादाला उद्देशून, "अरे, बारमध्ये म्हणतीये ही!"

मागून दादाचा आवाज आला, "सांगितलं नव्हतं का मी तुला? डावीकडच्या काउंटरवर बघ."